नंबर देणाऱ्या वायंगणकर बाई

आमच्या ऑफिसात नवीन लागलेला कुणीही इंजिनिअर पहिल्या महिन्यात एक चूक हमखास करतो. नवी नोंद करायची, तिला नंबर द्यायचा, तर हा काय करतो? शेवटचा नंबर बघतो आणि त्यात एक मिळवतो. सोपं आहे, सुटसुटीत आहे, आणि सपशेल चूक आहे. मी त्याला म्हणते, "वायंगणकर बाईंनी तुला खुर्चीवरून उठवलं असतं!" तो बिचारा विचारतो, मॅम, त्या कुठल्या कंपनीत आहेत? मी सांगते, परळला होत्या, हॉस्पिटलात, केस पेपरच्या खिडकीमागे. मग तो मान डोलवतो आणि मॅमचं आता वय झालं, असा चेहरा करून जागेवर जाऊन बसतो.

झालंय वय, नाही कोण म्हणतं. पण मी या धंद्यात मोठ्या मोठ्या डिगऱ्यांची माणसं पाहिली, त्यांची भाषणं ऐकली, आणि नंबर कसा द्यावा हे मात्र मला कॉम्प्युटरच्या बटणाला बोट लावायलाही कां कूं करणाऱ्या एका बाईने शिकवलं. हे मी चारचौघांत सांगते, आणि सांगताना माझी मान ताठ असते.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. राहायला गिरगावात, नोकरी दादरला एका चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या माळ्यावर. पाच जणांची कंपनी, त्यातला एक चहाच करायचा. परळच्या एका जुन्या धर्मादाय हॉस्पिटलचे केस पेपर कॉम्प्युटरवर आणायचं काम आम्हाला मिळालं आणि ते माझ्या गळ्यात पडलं. मला वाटलं, हॅ, यात काय आहे! नाव, वय, पत्ता आणि एक नंबर. आठ दिवसांत उडवून टाकू.

रेकॉर्ड रूममध्ये पाऊल टाकलं तर समोर एक लहानखुऱ्या चणीच्या बाई उभ्या. सुती साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला, आणि गळ्यातल्या दोरीला दोन पेनं बांधलेली. निळं लिहायला, लाल रद्द करायला. आपल्या टेबलाशी त्या कधी बसलेल्या मला दिसल्याच नाहीत. खुर्चीवर कायम फायलींचा गठ्ठा असायचा.

"तू ती कॉम्प्युटरवाली? कुठून येतेस?"

"गिरगावातून."

"बरं, गिरगाव," त्या म्हणाल्या, आणि पुढे कायम मी त्यांच्यासाठी गिरगावच राहिले. माझं नाव त्यांनी विचारलं असेल, पण त्या नावाने हाक कधीच मारली नाही. "मला सांग गिरगाव, नंबर कशासाठी देतात?"

"पेशंट ओळखायला," मी म्हटलं. एवढा सोपा प्रश्न, मला हसूच आलं.

"चूक. ओळखायला नाव आहे, चेहरा आहे. नंबर देतात तो एकाला दुसऱ्यापासून वेगळा काढायला. जा, आधी आठ दिवस खिडकीवर बस. मग तुझं मशीन उघड."

इतका राग आला होता मला! इंजिनिअर मुलगी मी, केस पेपरच्या खिडकीवर बसू? पण बसले. आणि तिसऱ्याच दिवशी खिडकीवर सुनीता जाधव आल्या. त्या गेल्या आणि दुसऱ्या सुनीता जाधव आल्या. दोघी लालबागच्या, दोघी चाळिशीच्या, दोघींच्या नवऱ्याचं नाव प्रकाश. मी गडबडले. बाई मागूनच म्हणाल्या, "आपल्याकडे सात आहेत. एकीला साखर आहे, एकीला दमा आहे. अदलाबदल झाली तर काय होईल, विचार कर आणि घाबर जरा." मी घाबरले. ते फार बरं झालं असं आज वाटतं.

बाई स्वतः लालबागच्या चाळीत वाढलेल्या. वडील गिरणीत, गाव मालवणाजवळ. बोलणं तीन प्रकारचं. अधीक्षक साहेबांशी शाळेत घोटून घेतलेलं स्वच्छ मराठी, आमच्याशी मुंबईचं, आणि राग आला की थेट मालवणी. त्यांनी "काय गो" म्हटलं की अख्खी रेकॉर्ड रूम आपापल्या फायलीत डोकं घालायची. बाईंचं लग्न झालेलं नव्हतं. का, हे विचारायची हिंमत कुणाची नव्हती. धाकट्या भावाच्या संसारात राहायच्या, आणि त्याच्या दोन पोरींना शिकवून त्यांनी एकीला नर्स आणि एकीला वकील केलं होतं. हे त्या सांगायच्या नाहीत. पोरीच येऊन सांगून गेल्या.

त्यांची नंबर देण्याची रीत बघण्यासारखी होती. केस पेपरच्या खिडक्या चार. लोखंडी नंबरिंग मशीन मात्र एकच, आणि ते बाईंच्या कपाटात. खटकन दाबलं की कागदावर आकडा उठतो आणि आत पुढचा आकडा आपोआप सरकतो. रोज सकाळी साडेसातला बाई कोऱ्या केस पेपरांवर नंबर मारून शंभर शंभरचे गठ्ठे करायच्या आणि प्रत्येक खिडकीला एक गठ्ठा द्यायच्या. पहिल्या खिडकीचे शंभर वेगळे, दुसरीचे वेगळे. कुणी कुणाकडे बघायचं नाही, कुणी कुणाला विचारायचं नाही. गठ्ठा संपला की बाईंकडे यायचं, नवा घ्यायचा. खिडकीवर कितीही मारामारी होवो, दोन माणसांच्या हातात एक नंबर जाणं शक्यच नव्हतं.

"आणि कागद फाटला तर? किंवा पेशंट पेपर काढून निघून गेला तर?" मी विचारलं.

"लाल पेनाने रद्द लिहायचं, फायलीला लावायचं. तो नंबर संपला."

"दुसऱ्याला द्यायचा नाही?"

"एकदा कुणाच्या नावाने उच्चारलेला नंबर परत घेत नाहीत." बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुणाच्या पानातलं उचलून दुसऱ्याला वाढायला निघाले होते. "आकडे काय कमी पडलेत का गो जगात?"

एकदा हॉस्पिटलच्या एका विश्वस्तांचे मेहुणे आले. गाडीसुद्धा त्यांची खास नंबरची. त्यांना केस पेपरचा नंबरही बेरीज नऊ येणारा हवा होता. साहेबांची चिठ्ठी घेऊनच आले होते. बाईंनी चिठ्ठी वाचली, घडी घालून परत दिली आणि विचारलं, "आजार काय आहे आपल्याला?" ते म्हणाले, नुसतंच चेकअप आहे. "मग घाई नाही. रांगेत उभे राहा, नशिबात असेल तर नऊ येईल." ते गृहस्थ रांगेत उभे राहिले, खरंच! बेरीज आली चौदा. बाईंनी त्या दिवशी सगळ्या खिडक्यांना बटाटेवडे मागवले.

एकतीस वर्षांत एकही नंबर दोघांना गेलेला नव्हता. ही गोष्ट बाई फुशारकीने सांगत नसत, पण दर गुरुवारी जुन्या फायली तपासताना त्या स्वतःशी पुटपुटायच्या, "एकाला एक, एकाला एक." त्यांना निवृत्त व्हायला दोन महिने राहिले होते. आणि नेमकी तेव्हाच मी तिथे टपकले होते.

आता माझं पाप सांगते. मी प्रोग्रॅम लिहायला घेतला तेव्हा अधीक्षक साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब माणूस वाईट नव्हता. टापटिपीचं भारी वेड. टेबलावरची टाचणीसुद्धा सरळ रेषेत. त्यांना बाईंचे ते गठ्ठे मुळीच आवडत नसत, कारण पहिल्या खिडकीवर एक आकडा चालू आणि तिसऱ्या खिडकीवर भलताच पुढचा. शिवाय ते रद्द नंबर. साहेब म्हणाले, "मला नंबर एकापाठोपाठ एक हवेत. मध्ये एक भोक नको. रद्द झालेला नंबर पुढच्या पेशंटला द्या. कॉम्प्युटर आहे ना? मग दिसायला नीट दिसलं पाहिजे."

बाई तिथेच उभ्या होत्या. म्हणाल्या, "साहेब, भोकाने कुणी मरत नाही. एकच नंबर दोघांना गेला, तर त्या जोडनंबराने मरेल."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "हे करता येतं की नाही?"

करता येतं, मी म्हटलं. मान डोलवून म्हटलं! मला साहेबांवर छाप पाडायची होती. बाईंची रीत मला जुनाट वाटत होती, हेही खरं. एक नंबर दोनदा आला तर नोंद घ्यायचीच नाही, असा पहारा मी आधी डेटाबेसला लावून ठेवला होता. पण रद्द झालेली नोंद आणि नवी नोंद एकाच नंबरावर बसवायची म्हटल्यावर तो पहारा आडवा यायला लागला. मी तो काढून टाकला. आणि नंबर कसा द्यायचा? शेवटचा बघायचा, एक मिळवायचा. मी एकटीने दोनशे वेळा तपासून पाहिलं. दोनशे वेळा बरोबर आलं. एकटीने!

सोमवारी सकाळी आठला चारही खिडक्यांवर कॉम्प्युटर चालू झाले. साहेबांनी नारळ फोडला, पेढे वाटले. बाईंना ते लोखंडी नंबरिंग मशीन कपाटात ठेवून द्यायला सांगितलं होतं, ते त्यांनी ठेवलं. अकरा वाजेपर्यंत सगळं झक्कास चाललं आणि मी दादरला जाऊन जेवावं असा विचार करत होते.

बाई रेकॉर्ड रूममध्ये खालून आलेल्या फायली लावत होत्या. तेवढ्यात त्यांचा आवाज आला, "ह्यां काय?" इतका हळू आवाज त्यांचा मी कधी ऐकला नव्हता. त्यांच्या हातात दोन फायली होत्या, दोन्हींवर एकच नंबर. एक दत्ताराम कदम, वय एकसष्ट, दुसऱ्या खिडकीवरून. दुसऱ्या कामत आजी, प्रभादेवीच्या, तिसऱ्या खिडकीवरून, रक्ताच्या तपासणीसाठी आलेल्या. दोन खिडक्यांनी एकाच क्षणी शेवटचा नंबर बघितला होता, दोघींना एकच दिसला होता, आणि दोघींनी त्यात एक मिळवला होता.

मी म्हटलं, "बाई, मी बदलून देते एक, दोन मिनिटांत."

बाई माझ्याकडे बघतही नव्हत्या. कदमांच्या फायलीवर दुपारच्या ऑपरेशनचा शिक्का होता. लॅबमधून रिपोर्ट नुसत्या नंबरावर वॉर्डात जायचे. बाईंनी वॉर्डला फोन लावला, तो एंगेज. दुसऱ्यांदा एंगेज. मग त्यांनी दोन्ही फायली छातीशी धरल्या आणि जिन्याकडे धावल्या. गुडघे दुखतात म्हणून एरवी त्या एक एक पायरी धरून चढायच्या. त्या दिवशी मी मागे पडले.

वॉर्डात कदम कॉटवर बसले होते. रक्ताच्या मागणीची चिठ्ठी घेऊन माणूस दरवाजाशी पोचला होता. बाईंनी त्याच्या हातातून चिठ्ठी काढूनच घेतली. वर लिहिलं होतं, बी पॉझिटिव्ह. बाईंनी दम लागलेल्या आवाजात विचारलं, "कदमांनू, रगत खंयचा तुमचा?"

"ओ," कदम म्हणाले. "गिरणीत असताना दोनदा दिलंय मी. काय झालं?"

"काही नाही. कागद चुकलाय. बसा तुम्ही."

कामत आजींचा बी गट कदमांच्या नावावर येऊन बसला होता. डॉक्टर नंतर म्हणाले, रक्तपेढी पिशवी देण्याआधी पुन्हा जुळवून बघतेच, बहुतेक तिथे हे पकडलं गेलं असतं. त्यांनी ते माझ्या समाधानासाठी सांगितलं असावं. बाईंनी मात्र त्यातला तो "बहुतेक" ऐकला आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसल्या. मी त्यांना बसलेलं पहिल्यांदा पाहिलं. मी समोर उभी राहून रडत होते. लाज वाटली, दुसरं काय.

संध्याकाळी चारला साहेबांच्या केबिनमध्ये सगळ्यांची हजेरी. साहेबांनी दुसऱ्या खिडकीवरच्या तेजलला धारेवर धरलं. ती टेम्पररी, लागून चार महिने झालेले. तुम्ही बटण दोनदा दाबलं असेल, उद्यापासून येऊ नका. मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी बाई बोलल्या.

"साहेब, पोरीने एकदाच दाबलं. मी मागे उभी होते. टेबलावर वही उघडी ठेवायची आणि चौघींनी एकाच वेळी डोकावून शेवटचा आकडा बघायचा, अशी रीत आपण आज सुरू केली. आता चौघींना तोच दिसला तर चौघींचा काय दोष? दोष रीतीचा."

"आणि रीत माझी," मी म्हटलं. "चूक माझी आहे, साहेब. बाईंनी आधीच सांगितलं होतं."

साहेब बराच वेळ टाचण्या सरळ करत राहिले. तेजलची नोकरी वाचली. मग बाईंनी आपलं म्हणणं मांडलं. "उद्यापासून तीन खिडक्या बंद. एकच चालेल. आणि महिनाअखेरीला मी निवृत्त होते, पण हे सुधारल्याशिवाय मी या विभागाचा चार्ज कुणाला देणार नाही. सही करणार नाही मी."

"बाई, चार्ज द्यावाच लागतो."

"तर मग मी रोज येऊन बसेन. काढा बाहेर."

दुसऱ्या दिवसापासून एकच खिडकी. रांग पार फाटकाबाहेर. लोक शिव्या घालत होते. बाई स्वतः रांगेच्या कडेने फिरायच्या, म्हाताऱ्यांना बाकावर बसवायच्या आणि प्रत्येकाला तेच सांगायच्या, "एकाच खिडकीवर, हो, एकाच. उशीर होईल. पण नंबर तुमचाच असेल." त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. पंचवीस दिवस राहिले होते, आणि एकतीस वर्षांच्या कामावर शेवटी डाग पडला हे त्यांच्या मनातून जात नव्हतं.

मी चार दिवस नुसती डोकं धरून बसले होते. काय काय करून पाहिलं. पुढच्या मंगळवारी बाई म्हणाल्या, "चल गिरगाव, प्रभादेवीला जाऊन येऊ." मला वाटलं देवाला साकडं घालायला. कसलं काय! देवळाच्या गल्लीत चप्पल ठेवायच्या स्टॉलसमोर त्यांनी मला उभं केलं. हातात फुलांची पुडी, पायात चपला तशाच. तुफान गर्दी. दोन माणसं भराभर चपला घेत होती आणि पत्र्याचे बिल्ले देत होती.

"बघ," बाई म्हणाल्या. "हा शेवटचा बिल्ला कुठला ते बघतोय का?"

"नाही."

"त्या दुसऱ्याला विचारतोय का?"

"नाही. खिळ्यावरचा वरचा काढतो आणि देतो."

"काढला की खिळ्यावर तो राहत नाही. म्हणून दुसऱ्या कुणाला मिळत नाही. बघणं आणि घेणं ह्या दोन गोष्टी नाहीत त्याच्याकडे. बघितला तेव्हाच घेतला." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझ्या मशीनमध्ये असा खिळा नाही का गो?"

असतो. प्रत्येक धड डेटाबेसमध्ये असतो! आकडे देणारा एक मोजणीदार असतो, त्याच्याकडे हजार जणांनी एकदम हात पसरला तरी तो प्रत्येकाला वेगळा आकडा देतो आणि दिलेला परत घेत नाही. मधले काही आकडे वाया जातात, एवढंच. साहेबांना भोकं नकोत म्हणून मी त्याला बाजूला सारलं होतं आणि वर स्वतःला हुशार समजत होते. मी बाईंना तिथेच मिठी मारली. "सोड गो, फुलां चुरगाळतली," त्या म्हणाल्या.

मी साहेबांना जाऊन स्पष्ट सांगितलं, भोकं पडणार, रद्द नंबर पुन्हा मिळणार नाही, पटत नसेल तर दुसरी कंपनी बघा. माझ्या मालकाने हे ऐकलं असतं तर मलाच दुसरी कंपनी बघावी लागली असती. साहेबांनी होकारार्थी मान हलवली. कदमांच्या वॉर्डात तेही जाऊन आले होते. मी तो मोजणीदार बसवला, काढलेला पहारा परत लावला. शिवाय रिपोर्टवर नंबराबरोबर नाव छापलंच पाहिजे, ही बाईंची अट. ती मी आनंदाने पुरी केली.

"झालं," मी बाईंना म्हटलं.

"तू म्हणतेस झालं. मागच्या वेळीही तूच म्हणाली होतीस."

आणि मग बाईंनी माझी परीक्षा घेतली. रविवारची दुपार, बाहेरचे पेशंट नाहीत. हॉस्पिटलभर मिळून अकरा कॉम्प्युटर होते, प्रत्येकासमोर बाईंनी माणूस बसवला. नर्स, औषधाच्या खिडकीवरचे गोखले, तेजल, एक्सरेवाला, कँटीनचा शेट्टी, एवढंच काय, साहेबसुद्धा. स्वतः बाई लाउडस्पीकरवर गेल्या. अख्ख्या हॉस्पिटलात आवाज घुमला, "एक, दोन, तीन, दाबा!" वॉर्डातले पेशंट उठून बसले. एका आजोबांनी घाबरून सलाइनचीच नळी दाबून धरली. अकरा बोटं एकदम पडली, अकरा चिठ्ठ्या निघाल्या. पुन्हा, "एक, दोन, तीन, दाबा!" असं वीस वेळा. तेराव्या वेळी तर बाईंनी दाबा म्हणता म्हणता पुढ्यातल्या कॉम्प्युटरची वायर खस्सकन उपटली. मी किंचाळले. बाई म्हणाल्या, "परळची लाइट मला विचारून जात नाही." ते मशीन परत चालू झाल्यावरच पुढचं "दाबा" आलं.

मग सगळ्या चिठ्ठ्या रेकॉर्ड रूमच्या लांब टेबलावर आल्या. बाईंनी कुणाला हात लावू दिला नाही. एकटीने क्रमाने मांडल्या, चष्मा नाकावर, ओठ हलतायत. आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे. दहावीच्या निकालालाही मी इतकी घाबरले नव्हते. दोनशे वीस व्हायला हव्या होत्या, भरल्या दोनशे एकोणीस.

"एक नंबर गायब आहे," साहेब हळूच म्हणाले.

"गायब नाही. वायर उपटली तेव्हा घेतला गेला, आणि कागदावर यायच्या आत मशीन मेलं." बाईंनी कोरा चिटोरा घेतला, लाल पेनाने तो नंबर घातला, खाली रद्द लिहिलं आणि त्या फटीत ठेवून दिला. मग पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा एकदा बोट फिरवत गेल्या. जोड एकही नव्हता. त्यांनी चष्मा काढला. "गिरगाव, पास झालीस गो," एवढंच म्हणाल्या, आणि मी त्या क्षणी स्वतःला जगातली सगळ्यात मोठी इंजिनिअर समजले. अजूनही त्या निकालापुढे मला माझी डिगरी फिकी वाटते.

महिनाअखेरीला शुक्रवारी बाईंनी चार्ज दिला. हार, शाल, साहेबांचं भाषण, सगळं झालं. मग चार्जचा कागद आला. कपाटं किती, फायली किती, किल्ल्या किती. सगळं भरून झाल्यावर बाईंनी शेऱ्याच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं, "माझ्या कार्यकाळात एक क्रमांक दोन रुग्णांना दिला गेला." खाली कदमांचं नाव, कामत आजींचं नाव.

साहेब वाचून अस्वस्थ झाले. "बाई, हे कशाला? चूक तुमची नव्हती. एकतीस वर्षांचं स्वच्छ काम तुमचं."

"स्वच्छ आहे म्हणून लिहिते, साहेब. विभाग माझा होता. पुढे येणाऱ्याला कळू दे, असं होऊ शकतं."

मला राहवलं नाही. मी पुढे झाले आणि म्हटलं, त्याखाली माझं नाव लिहा, नाहीतर मी लिहिते. बाई म्हणाल्या, तू बाहेरची, तुझी सही या कागदावर चालत नाही. मी म्हटलं, चालो न चालो. त्यांनी दोरीचं निळं पेन सोडवलं आणि माझ्यापुढे धरलं. "दोष प्रोग्रॅमचा," असं लिहून मी खाली पूर्ण नाव घातलं. बाईंनी ते मोठ्याने वाचलं. दोन महिन्यांत त्यांच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. साहेबांनी शिक्का मारला आणि बाईंनी सही केली.

मग त्या जिना उतरायला लागल्या, एक एक पायरी धरून. मी सोबत जायला निघाले तर हातानेच नको म्हणाल्या. मी वरच्या कठड्यावरून बघत राहिले. खाली हॉलमध्ये सकाळची गर्दी होती आणि चारही खिडक्या उघड्या होत्या. तेजल आणि बाकीच्या तिघी खाली माना घालून भराभर नावं विचारत होत्या, चारही खिडक्यांतून एकदम चिठ्ठ्या बाहेर येत होत्या. बाई गर्दीच्या मधोमध थांबल्या, शाल हातावर, हार पिशवीत. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. तेवढ्यात धोतर नेसलेले एक म्हातारे त्यांच्याजवळ आले. पहिल्यांदाच आले असावेत, गोंधळून गेले होते. त्यांनी विचारलं, "ताई, नंबर खंयच्या खिडकीवर गावता?"

बाईंनी चारही खिडक्यांकडे एकदा बघितलं.

"खंयच्याय खिडकीवर जावा," त्या म्हणाल्या, आणि फाटकाकडे चालू लागल्या.